कळा, भीती आणि एक हट्टी डॉक्टर

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात नवव्या महिन्यातल्या पहिलटकरणी तपासायला येतात, तेव्हा त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. बाळ नीट आहे ना, वजन किती भरले, नॉर्मल होईल की सिझर करावे लागेल. हे सगळे विचारून होते, केसपेपर हातात पडतो, आणि दारापर्यंत गेलेली एखादी पुन्हा मागे फिरते. तिचा खरा प्रश्न तेव्हा बाहेर येतो. फार दुखते का आणि मला ते सहन होईल का, एवढेच तिला विचारायचे असते. सोबत आई किंवा सासू असली तर उत्तर त्याच देऊन टाकतात, की सगळ्यांनाच दुखते, आम्ही नाही का काढले. पोरगी गप्प बसते आणि भीती तिच्याबरोबर घरी जाते.

या भीतीचे काय करायचे, हा प्रश्न वैद्यकशास्त्राने फार उशिरा मनावर घेतला. तो घ्यायला लावणाऱ्या एका इंग्रज डॉक्टरांची ही गोष्ट आहे. त्यांचे नाव डॉ. ग्रँटली डिक-रीड. आज गावोगावी, शहरोशहरी गरोदर स्त्रियांसाठी वर्ग चालतात. कळ आली की श्वास कसा घ्यायचा, अंग सैल कसे सोडायचे, हे तिथे शिकवतात. त्या साऱ्याच्या मुळाशी बऱ्याच अंशी हा माणूस आहे. त्यांचे काही म्हणणे बरोबर निघाले, काही साफ चुकले. आपल्या घरात कुणी बाळंतपणाला आली असेल तर दोन्ही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

व्हाइटचॅपलची ती रात्र

डिक-रीड यांचा जन्म २६ जानेवारी १८९० रोजी इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या बेकल्स या गावी झाला. वडील पिठाच्या गिरणीचे मालक. घर भरलेले, मुलेबाळे बरीच. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकून ते पुढच्या वैद्यकीय शिक्षणासाठी लंडन हॉस्पिटलमध्ये आले. हे रुग्णालय व्हाइटचॅपल भागात. गोदी कामगार, हातावर पोट असलेली माणसे, दाटीवाटीच्या खोल्या अशी ती पूर्व लंडनची वस्ती होती. तिथल्या बायका बाळंतपणासाठी रुग्णालयात येत नसत. शिकाऊ डॉक्टरच पिशवी घेऊन त्यांच्या घरी जात.

पहिल्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. एका पावसाळी रात्री, दोन-तीनच्या सुमारास, डिक-रीड सायकल मारत चिखलातून एका घरी पोहोचले. रेल्वेच्या कमानींजवळची एक लहानशी खोली, फुटक्या खिडकीतून आत येणारा पाऊस, मोडका पलंग, पांघरायला गोणपाट आणि एक जुना काळा झगा. उजेड होता तो बाटलीत खोचलेल्या मेणबत्तीचा. शेजारणीने पाण्याचे भांडे आणून ठेवले होते. साबण आणि टॉवेल डॉक्टरांनाच सोबत न्यावा लागला होता. बाळाचे डोके दिसू लागले, तेव्हा त्यांनी शिकल्याप्रमाणे क्लोरोफॉर्मचा मुखवटा पुढे केला. बाईने तो नको म्हणून बाजूला सारला. तरुण डॉक्टरांना असा नकार त्याआधी कुणी दिलेला नव्हता. थोड्याच वेळात बाळ शांतपणे जन्मले. आरडाओरडा नाही, धावपळ नाही. निघताना त्यांनी तिला क्लोरोफॉर्म का घेतला नाही असे विचारले. ती जरा संकोचली. तिला दुखलेच नव्हते, आणि दुखायला हवे असते असे तिला वाटतही नव्हते, अशा अर्थाचे काहीतरी ती बोलली.

हा प्रसंग त्यांनी पुढे आयुष्यभर सांगितला. त्याला इतके महत्त्व का, हे कळायला त्या काळातली रीत माहीत हवी. एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४७ मध्ये बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरले. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने आपल्या बाळंतपणात ते घेतले आणि त्याला प्रतिष्ठा मिळाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतून मॉर्फिन आणि स्कोपोलामिन यांच्या मिश्रणाची पद्धत आली. त्यात बाई अर्धवट गुंगीत राही आणि काय घडले हे तिला नंतर आठवत नसे. म्हणजे वेदनेवर उत्तर एकच, जागेपण काढून घ्यायचे. पण एकीला इतके दुखते आणि दुसरीला तितके का दुखत नाही, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नव्हते. डिक-रीड यांच्या डोक्यात तो त्या खोलीत शिरला आणि पुन्हा बाहेर पडला नाही.

युद्ध आणि त्यानंतर

१९१४ मध्ये ते डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले. ते लष्कराच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. गॅलिपोलीच्या मोहिमेत गंभीर जखमी झाले, बरे होऊन पुढे फ्रान्समध्ये गेले. भेदरलेल्या माणसाचे शरीर कसे ताठते, आणि जवळ कुणी ओळखीचे बसले तर तेच कसे सैलावते, हे रणांगणावरच्या डॉक्टरला रोज पाहावे लागते. बाळंतीण कळा देत असताना तिला एकटे सोडणे हा क्रूरपणा आहे, असे डिक-रीड नंतर सतत सांगत राहिले.

युद्धानंतर त्यांनी लंडनजवळच्या वोकिंग गावात इतर डॉक्टरांबरोबर भागीदारीत व्यवसाय सुरू केला. बाळंतपणे भरपूर होत. डिक-रीड पलंगाशेजारी बसून बघत राहत. त्यांच्या लक्षात आले की काही बायका कळ येण्याआधीच आवळून घेतात. कपाळाला आठ्या, मुठी घट्ट, श्वास रोखलेला. त्यांना जास्त दुखते आणि वेळही जास्त लागतो. ज्या सैल पडून राहतात त्यांचे काम तुलनेने सोपे होते. त्यांनी यावरून एक चक्र मांडले. भीतीमुळे ताण येतो, ताणामुळे वेदना वाढते, वाढलेल्या वेदनेमुळे भीती आणखी वाढते. हे चक्र कुठेतरी तोडले तर पुढचे सगळे सोपे होईल, आणि तोडायला सगळ्यात सोपी जागा भीतीची, असे त्यांचे म्हणणे होते.

भीती जाते माहितीने. म्हणून त्यांनी गरोदर बायकांना शिकवायला सुरुवात केली. गर्भाशय म्हणजे काय, त्याचे तोंड कसे उघडते, कळ का येते, किती वेळ टिकते, बाळ खाली कसे सरकते हे साध्या शब्दांत सांगायचे. श्वासाचा सराव करून घ्यायचा. एकेक स्नायू सैल सोडायला शिकवायचे. शिकागोच्या एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये स्नायू क्रमाने शिथिल करण्याच्या पद्धतीवर पुस्तक लिहिले होते, त्याचाही त्यांना उपयोग झाला. पुढे हेलन हर्डमन या फिजिओथेरपिस्टने त्यांच्या विचारांना व्यायामाची शिस्तशीर जोड दिली. आणि प्रत्यक्ष कळा सुरू झाल्यावर डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने बाईजवळ बसायचे, काय चालले आहे ते तिला सांगत राहायचे.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. डिक-रीड औषधांच्या विरोधात होते असे अनेकांना वाटते. तसे नव्हते. वेदना कमी करणारा वायू हाताशी ठेवावा आणि बाईला हवा तेव्हा तो मिळावा, हे त्यांना मान्य होते. गुंतागुंत झाली तर चिमटा लावणे किंवा शस्त्रक्रिया करणे हे डॉक्टरचे कर्तव्यच आहे, हेही त्यांना मान्य होते. न विचारता, सरसकट, प्रत्येकीला गुंगी देणे त्यांना मान्य नव्हते.

पुस्तक, विरोध आणि पत्रे

१९३३ मध्ये त्यांचे नॅचरल चाइल्डबर्थ हे पुस्तक आले. आज सर्रास वापरला जाणारा नैसर्गिक प्रसूती हा शब्दप्रयोग त्या पुस्तकामुळे रुजला. सहकाऱ्यांनी मात्र त्याचे स्वागत केले नाही. बाईच्या मनातल्या भीतीवर एवढे बोलणे अनेकांना अशास्त्रीय वाटले. वोकिंगच्या भागीदारीतून त्यांना बाहेर पडावे लागले. स्वभावही नमते घेणारा नव्हता. टीका झाली की ते आणखी ठामपणे, कधी कधी पुराव्यापेक्षा जास्त ठामपणे बोलत.

विरोध करणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये दर हजार बाळंतपणांमागे चारच्या आसपास माता दगावत होत्या. लाखाच्या हिशेबात सांगायचे तर सुमारे ४००. बाळंतवाताचा ज्वर आणि रक्तस्राव ही त्यातली मोठी कारणे होती. अशा काळात बाईची भीती केवळ मनाचा खेळ नव्हती, तिला आधार होता. हे प्रमाण झपाट्याने उतरू लागले ते १९३५ नंतर. जंतुसंसर्गावर सल्फा औषधे आली, त्याच वर्षी बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारे अर्गोमेट्रीन वेगळे काढण्यात यश आले, पुढे रक्तपेढ्या आणि पेनिसिलीन आले. माहितीने भीती कमी होते हे खरे, पण भीतीचे मूळ कारण कमी केले ते औषधांनी आणि चांगल्या सेवेने.

१९४२ मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असताना, त्यांचे दुसरे मोठे पुस्तक प्रसिद्ध झाले. अमेरिकेत ते १९४४ मध्ये चाइल्डबर्थ विदाउट फिअर, म्हणजे निर्भय प्रसूती, या नावाने निघाले आणि प्रचंड खपले. त्यानंतर पत्रांचा ओघ सुरू झाला. ब्रिटन, अमेरिका आणि इतर देशांतल्या हजारो बायकांनी त्यांना लिहिले. या पत्रांचा संग्रह लंडनच्या वेलकम ग्रंथालयात जपलेला आहे आणि १९४६ ते १९५६ या काळातल्या निवडक पत्रांचे पुस्तकही निघाले आहे. पत्रांत कृतज्ञता आहे, तशा तक्रारीही आहेत. कळा देताना तासन्‌तास एकटे ठेवले, कुणी काही सांगितले नाही, नको असताना गुंगी दिली, बोललो तर हसले. देश वेगळा, काळ वेगळा, पण आपल्याकडच्या कुठल्याही लेबर रूममध्ये काम केलेल्या माणसाला ती पत्रे परकी वाटत नाहीत.

डिक-रीड यांचे एक मोठे काम मला या पत्रांत दिसते. बाळंतपण कसे झाले हे त्या बाईलाच विचारायला हवे, ही कल्पना त्यांच्यामुळे डॉक्टरांच्या जगात शिरली. त्याआधी आई जिवंत आणि बाळ जिवंत एवढाच हिशेब होता. तो हिशेब पहिलाच राहायला हवा, त्यात शंका नाही. पण तो पूर्ण हिशेब नाही.

शेवटची वर्षे

१९४७ मध्ये ते अमेरिकेत व्याख्याने देऊन आले. येल विद्यापीठाशी जोडलेल्या न्यू हेवनच्या रुग्णालयात डॉ. हर्बर्ट थॉम्स यांनी त्यांच्या विचारांवर आधारित शिक्षणाचा कार्यक्रम चालवला आणि ओळीने एक हजार बाळंतपणांचा अहवाल प्रसिद्ध केला. १९४८ मध्ये डिक-रीड दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला स्थायिक झाले. तिथून १९५३-५४ मध्ये गाडीमागे फिरते घर जोडून त्यांनी आफ्रिका खंडात हजारो मैलांचा प्रवास केला आणि वाटेतल्या लोकांमध्ये बाळंतपणे कशी होतात हे पाहिले.

याच काळात त्यांच्या कल्पनेला एक भावंड मिळाले. फ्रेंच डॉक्टर फर्नांड लमाझ १९५१ मध्ये सोव्हिएत रशियात गेले. तिथे पावलॉव्हच्या सिद्धांतावर आधारलेली, औषधाविना वेदना कमी करण्याची पद्धत त्यांनी पाहिली आणि ती पॅरिसमध्ये सुरू केली. आपल्याकडे शहरांतल्या वर्गांना जे लमाझ नाव असते ते यांचेच. ८ जानेवारी १९५६ रोजी पोप बारावे पायस यांनी या विषयावर डॉक्टरांपुढे भाषण केले. वेदना कमी करण्याच्या या पद्धती धर्माविरुद्ध नाहीत, असा निर्वाळा त्यांनी दिला आणि डिक-रीड यांच्या कामाचाही उल्लेख केला. बाईने कळा सोसल्याच पाहिजेत, ती देवाची आज्ञा आहे, असे मानणाऱ्या समाजात ही लहान गोष्ट नव्हती.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये प्रुनेला ब्रायन्स या महिलेने पुढाकार घेऊन नैसर्गिक प्रसूतीचा प्रसार करणारी संघटना उभी केली. डिक-रीड तिचे पहिले अध्यक्ष झाले. ही संस्था पुढे नॅशनल चाइल्डबर्थ ट्रस्ट या नावाने ओळखली जाऊ लागली. गरोदर स्त्रियांचे वर्ग घेणारी ती ब्रिटनमधली मोठी संस्था ठरली. ११ जून १९५९ रोजी नॉर्फोकमधल्या रॉक्सम इथे डिक-रीड यांचे निधन झाले. वय ६९ होते.

काय टिकले

भीतीचा कळांवर परिणाम होतो, हे त्यांचे निरीक्षण टिकले. घाबरल्यावर शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन वाढते आणि हे संप्रेरक गर्भाशयाची आकुंचने मंदावू शकते. नॉर्वेतल्या एका मोठ्या रुग्णालयात सुमारे २,२०० स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीची तीव्र भीती असलेल्या स्त्रियांना इतर कारणे वजा केल्यावरही सरासरी सुमारे ४७ मिनिटे जास्त लागली होती.

सोबत हवी, हे त्यांचे म्हणणे तर भरभक्कम पुराव्याने सिद्ध झाले. कोक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या २६ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यात १५ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. कळा सुरू झाल्यापासून शेवटपर्यंत जिच्यासोबत कुणीतरी सतत होते, तिची प्रसूती आपोआप होण्याची शक्यता जास्त होती, सिझेरियनची कमी होती, वेळ थोडा कमी लागला आणि नंतर आपला अनुभव वाईट होता असे सांगण्याचे प्रमाणही कमी होते. या उपायाला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही.

काय चुकले

भीतीमुळे गर्भाशयाच्या तोंडाजवळचे गोलाकार स्नायू आवळतात आणि त्यामुळे वेदना होते, हे त्यांचे शरीरशास्त्र टिकले नाही. गर्भाशयाचे तोंड बहुतांशी तंतूंचे बनलेले असते, त्यात स्नायू थोडे. कळांची वेदना खरी असते. गर्भाशय आवळते, तोंड ताणले जाते, बाळ खाली येताना भोवतालचा भाग ताणला जातो, आणि मज्जातंतू हा संदेश मेंदूकडे नेतात. धीट बाईलाही हे चुकत नाही.

कॅनडातले वेदनातज्ज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९८१ मध्ये हे मोजून दाखवले. प्रसूतीचे शिक्षण घेतलेल्या पहिलटकरणींची वेदना न घेतलेल्यांपेक्षा कमी निघाली, पण फार कमी नाही, आणि त्यांतल्या बहुतेकींनी शेवटी पाठीत दिले जाणारे वेदनाशामक इंजेक्शन मागितलेच. वेदनारहित प्रसूतीचे आश्वासन देऊन बाईला लेबर रूममध्ये पाठवले तर दुखल्यावर ती स्वतःलाच दोष देते, हा धोका त्यांनी स्पष्टपणे मांडला.

डिक-रीड यांची आणखी एक समजूत होती. ज्यांना ते आदिम म्हणत त्या समाजातल्या बायका सहज बाळंत होतात आणि सुधारलेल्या समाजाने बायकांना घाबरट केले, असे ते मानत. मातृत्व हेच स्त्रीजीवनाचे सार्थक, असाही त्यांचा सूर असे. आज दोन्ही पटत नाही. जिथे डॉक्टर, रक्त आणि शस्त्रक्रिया पोहोचत नाही, तिथे बायका सहज बाळंत होत नाहीत, जास्त मरतात. आपल्याकडच्या आजीच्या पिढीला विचारा. शेतात बाळंत होऊन संध्याकाळी घरी आलेलीची गोष्ट सगळे सांगतात. न आलेलीची गोष्ट सांगायला कुणी मागे राहत नाही.

मग तयारीने किती फरक पडतो? कॅनडाच्याच एलन हॉडनेट यांनी २००२ मध्ये या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. बाईला आपले बाळंतपण चांगले झाले असे नंतर कशामुळे वाटते, हा त्यांचा प्रश्न होता. चार गोष्टी सगळ्यात वजनदार ठरल्या. तिच्या अपेक्षा काय होत्या, तिला आधार किती मिळाला, काळजी घेणाऱ्यांशी तिचे नाते कसे होते, आणि निर्णयात तिला सामील करून घेतले का. वेदना किती झाली आणि वर्ग केले होते की नाही, हे त्यांच्यामागे होते. म्हणजे वर्गात शिकलेले वाया जात नाही. अपेक्षा वास्तव ठेवायला आणि प्रश्न विचारायला ते मदत करते. पण लेबर रूममध्ये तिच्याशी माणसासारखे वागले गेले नाही, तर वर्गातले सगळे शिक्षण पहिल्या तासात पुसले जाते.

आमच्या बाजूची तयारी

हे मी पुस्तकातून शिकलो, पण पटले ते एका प्रसंगाने. मी निवासी डॉक्टर असतानाची गोष्ट. रात्रपाळी, एकेका पलंगावर दोन-दोन बाळंतिणी, आणि एक पहिलटकरीण सतत ओरडत होती. मी तिच्यावर खेकसलो. नंतरचे तीन तास ती हुं की चूं न करता पडून राहिली. आपण परिस्थिती छान सांभाळली, असे मला वाटले. बाळ सुखरूप झाले, कागदावर सगळे उत्तम. दीड महिन्याने ती बाळाला लस द्यायला आली. मला पाहताच तिने पदर ओढून तोंड फिरवले आणि लांबच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिला तयारी कमी पडली नव्हती. मला पडली होती.

आता चित्र हळूहळू बदलते आहे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या लक्ष्य कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतल्या लेबर रूमचा दर्जा मोजला जातो. त्यात बाईशी सन्मानाने वागणे आणि तिला सोबतीण देणे यांनाही जागा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तिच्या पसंतीच्या सोबतीची शिफारस केली आहे. गर्दी, अपुरी माणसे, पडद्यांचा अभाव या अडचणी आहेतच. पण आई, बहीण, नणंद, आशाताई, कुणीतरी एक तिच्या उशाशी उभी राहू शकते.

घरच्यांनी काय करावे? सातव्या महिन्यात ओटी भरतो, डोहाळजेवण करतो, तेव्हाच अर्धा तास या गोष्टींसाठीही काढावा. कळा लाटेसारख्या येतात. जोरात आलेली कळ साधारण मिनिटभर टिकते आणि मध्ये विश्रांती मिळते, हे तिला आधी सांगावे. पहिल्या बाळंतपणात तोंड बोटभर उघडल्यापासून पूर्ण उघडेपर्यंत बराच वेळ लागतो, त्यात काही बिघडलेले नसते. कळ आली की लांब श्वास सोडायचा, खांदे आणि जबडा सैल ठेवायचा, याचा सराव रोज दहा मिनिटे करावा. तपासणीत अडचण नसेल तर कळांमध्ये फिरायला, कुशीवर वळायला हरकत नसते. आपल्या रुग्णालयात वेदना कमी करण्यासाठी काय मिळते, हे आधीच विचारून ठेवावे आणि ते मागण्यात कमीपणा मानू नये. सिझेरियनची वेळ आली तर तो बाईचा पराभव नसतो. आणि काही खुणा वाट न पाहण्याच्या असतात. रक्त जाणे, पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटका येणे. अशा वेळी १०८ ला फोन करून तडक रुग्णालय गाठावे.

दारातून परत फिरणाऱ्या त्या पोरीला मी आता काय सांगतो? दुखते, हे खरे सांगतो. किती दुखेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही, हेही सांगतो. मग तिला लेबर रूम दाखवायला सिस्टरांबरोबर पाठवतो. पलंग कुठला, नळ कुठे, सोबतीण कुठे उभी राहील, हे ती स्वतःच्या डोळ्यांनी बघून येते. परत येते तेव्हा तिचे प्रश्न वाढलेले असतात. ते ऐकायला पाच मिनिटे लागतात आणि मागची रांग कुरकुरते. पण डिक-रीड यांच्या साऱ्या आयुष्याचा आपल्या उपयोगाचा भाग तेवढाच आहे, आणि तो पाच मिनिटांत मावतो.